धान्यातील सोंडे आणि कापडव्यापाऱ्याचे भिंग

पावसाळ्यापूर्वी भरून ठेवलेला तांदळाचा डबा श्रावणात उघडावा आणि त्यात सोंडे फिरताना दिसावेत, हा अनुभव बहुतेक घरांना परिचित आहे. भुसार मालाच्या वखारीत तर तो दरसालचा. धान्य निवडलेले असते, चाळलेले असते, झाकणही घट्ट लावलेले असते. तरीही कीड दिसते. अशा वेळी सहज तोंडी येणारे उत्तर ठरलेले आहे : हवा दमट झाली आणि धान्यात किडे आपोआप झाले.

‘आपोआप’ हा शब्द वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु जैन कुटुंबाला त्याची मोठी किंमत मोजावी लागते. किडे आपोआप होत असतील, तर ते टाळणे कोणाच्याच हाती राहत नाही. झाल्यानंतर धान्य उन्हात पसरणे, टाकून देणे किंवा औषध मारणे एवढेच मार्ग उरतात आणि त्यांतील प्रत्येक मार्गात जीवहानी आहे. याउलट ते कोठून, केव्हा आणि कशा रीतीने येतात हे कळले, तर जीवोत्पत्ती होण्याआधीच काळजी घेता येते. जिला जयणा म्हणतात, तिला अशा नेमक्या माहितीचा आधार लागतो. सोंड्यांचा प्रश्न त्यामुळे स्वयंपाकघरापुरता राहत नाही; तो आचारधर्माचाही प्रश्न ठरतो.

हाच प्रश्न युरोपातील अभ्यासकांना दोनशे वर्षे पुरला. तो सोडवता सोडवता जीवशास्त्राला तपासाची एक पद्धत सापडली. ती पद्धत समजण्यास पदवी लागत नाही. ज्याला जमाखर्च मांडता येतो, त्याला ती सहज कळते.

उंदरांची कृती आणि तराजू

आजच्या बेल्जियममध्ये सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट नावाचे विद्वान वैद्य होऊन गेले. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उंदीर तयार करण्याची कृती दिलेली आहे. भांड्यात गहू घ्यावा, तोंडाशी मळका सदरा कोंबावा, एकवीस दिवस थांबावे. गव्हाचे उंदीर होतात, असे त्यांचे म्हणणे. आज हे वाचून हसू येते. मात्र निरीक्षण खोटे नव्हते. गव्हाच्या भांड्यापाशी उंदीर खरोखरच दिसले असतील. चूक निष्कर्षात होती. उंदीर बाहेरून आले असतील काय, ही शंका कोणी तपासली नव्हती.

याच हेल्मोंट यांनी दुसरा एक प्रयोग अतिशय काटेकोरपणे केला होता. वाळवून तोललेल्या दोनशे पौंड मातीत त्यांनी पाच पौंडांचे विलो वृक्षाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. शेवटी झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड भरले. माती मात्र जेमतेम दोन औंस कमी झाली होती. झाड माती खाऊन वाढते हा जुना समज या तराजूने मोडीत काढला. पण त्यांनी पुढे काढलेले अनुमान, म्हणजे सारे लाकूड पाण्यापासूनच बनले, हेही अपुरे ठरले. झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेते आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यापासून आपले अन्न तयार करते, हे पुढे उलगडले. हेल्मोंट यांच्या वहीत माती आणि पाणी या खात्यांच्या नोंदी होत्या. हवेचे खातेच उघडलेले नव्हते.

या दोन प्रयोगांतून तपासाचे पहिले दोन धडे मिळतात. डोळ्यांना दिसलेली गोष्ट आणि तिचे कारण या दोन वेगळ्या नोंदी आहेत. तसेच बेरीज बिनचूक असली, तरी एखादे खाते वगळले गेले असेल, तर ताळेबंद खरा म्हणता येत नाही.

एक फरक, बाकी सर्व समान

इटलीतील फ्लॉरेन्स येथे मेदिची घराण्याच्या दरबारी फ्रांचेस्को रेदी हे वैद्य होते. सडणाऱ्या मांसात अळ्या आपोआप होतात, असा त्या काळचा समज होता. रेदींनी १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यासंबंधीचा प्रयोग मांसावरच केलेला होता. जैन वाचकाला ती सामग्री रुचणारी नाही. तथापि त्या प्रयोगाची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे.

त्यांनी एकच पदार्थ अनेक बरण्यांत घातला. काही बरण्या उघड्या ठेवल्या, काहींची तोंडे बंद केली. उघड्या बरण्यांत माश्या गेल्या आणि तेथे अळ्या झाल्या. बंद बरण्यांत त्या झाल्या नाहीत. यावर एक रास्त आक्षेप संभवत होता : बंद बरणीत हवाच पोचली नाही, म्हणून तर जीव उत्पन्न झाला नसेल? रेदींनी या आक्षेपाचे उत्तर वादविवादाने न देता दुसऱ्या प्रयोगाने दिले. त्यांनी बरण्यांच्या तोंडांवर विरळ, झिरझिरीत कापड बांधले. हवा आत जाऊ शकत होती, माशी जाऊ शकत नव्हती. आतल्या पदार्थात अळ्या झाल्या नाहीत. माश्या कापडावरच घोटाळत राहिल्या. अळ्यांचे मूळ माशीच्या अंड्यांत आहे, हे स्पष्ट झाले.

वैज्ञानिक तपासाचा सांगाडा यात पूर्ण दिसतो. प्रथम नेमका प्रश्न. मग त्याचे एक संभाव्य उत्तर, ज्याला गृहीतक म्हणतात. मग ते उत्तर चुकीचे असल्यास उघडे पडेल अशी कसोटी. कसोटीत दोन संच घ्यायचे आणि त्यांत एकाच गोष्टीचा फरक ठेवायचा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणत्या गोष्टीमुळे झाला हे सांगता येत नाही. व्यापारी भाव आणि मालाची प्रत एकाच दिवशी बदलून मग विक्री का वाढली असे विचारू लागला, तर त्याला जसे उत्तर मिळणार नाही, तसेच हे आहे.

रेदींची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. झाडांच्या पानांवर व फांद्यांवर ज्या गाठी येतात, त्यांतील किडे वनस्पतीच्याच जीवनशक्तीतून निर्माण होतात, असे ते मानत राहिले. पुढील अभ्यासकांनी तेथेही कीटकांची अंडी दाखवून दिली. मोठ्या संशोधकाचे मतही तपासाच्या बाहेर राहत नाही, ही या शास्त्राची रीत आहे.

डेल्फ्टचा कापडव्यापारी

सोंड्यांचे कोडे ज्यांनी हाती घेतले, ते अंतोनी फान लेव्हेनहूक विद्यापीठात शिकलेले नव्हते. त्यांचा जन्म १६३२ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथे झाला. सोळाव्या वर्षी त्यांनी ॲम्स्टरडॅम येथे कापडाच्या पेढीवर उमेदवारी केली आणि पुढे डेल्फ्टला परतून स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. विद्वानांची लॅटिन भाषा त्यांना येत नव्हती. कापडाची वीण पाहण्यासाठी, सूत मोजण्यासाठी व्यापारी भिंग वापरत. त्या भिंगाच्या ओढीने ते स्वतः लहान लहान भिंगे घडवू लागले. त्यांच्या उपलब्ध भिंगांपैकी सर्वांत प्रभावी भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी करून दाखवते.

१६७३ पासून पुढे सुमारे पन्नास वर्षे ते लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या डच भाषेत पत्रे लिहीत राहिले. त्या पत्रांत धान्यातील किडीचाही अभ्यास आहे. गव्हातून सोंडे आपोआप उपजतात, हा समज तिकडेही रूढ होता. लेव्हेनहूक यांनी काचेच्या नळ्यांत गहू आणि सोंडे ठेवून त्यांच्यावर लक्ष ठेवले, दाणे फोडून पाहिले आणि भिंगाखाली त्यांतील अळी शोधून काढली. सोंडा सोंड्यापासूनच होतो. गहू हे त्याचे घर आणि अन्न आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दाण्याच्या आतील बिऱ्हाड

आज हा जीवनक्रम तपशीलवार ज्ञात आहे. सोंड्याच्या डोक्याला पुढे आलेली सोंड असते; तिच्या टोकाशी त्याचे जबडे असतात. मादी सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, त्यात एक अंडे घालते आणि आपल्या चिकट स्रावाने ते छिद्र बुजवून टाकते. बाहेरून दाणा अखंड दिसतो. अशी सुमारे तीनशे ते चारशे अंडी एक मादी आयुष्यात घालू शकते. अंड्यातून निघालेली अळी दाणा आतून पोखरत वाढते, तेथेच कोष होतो आणि शेवटी पूर्ण वाढलेला सोंडा दाण्याला भोक पाडून बाहेर येतो. उबदार व दमट हवेत या सगळ्याला साधारण एक महिना लागतो.

घट्ट झाकणाच्या डब्यात किडे कसे आले, याचे उत्तर येथे मिळते. ते नंतर आत शिरलेच नाहीत. डबा भरला, तेव्हाच अंड्यांच्या किंवा अळ्यांच्या रूपाने दाण्यांत होते. शेतात, खळ्यात, जुन्या पोत्यात किंवा वखारीत अंडे पडले. डोळ्यांना दिसला तो महिन्याभरानंतरचा परिणाम. दमट हवेने सोंडे निर्माण केले नाहीत, तिने त्यांची वाढ सुकर केली. कारण आणि अनुकूल परिस्थिती यांतील हा भेद जीवशास्त्रात पावलोपावली उपयोगी पडतो.

अंडे, अळी, कोष आणि प्रौढ कीटक या चार अवस्थांना पूर्ण रूपांतरण म्हणतात. माशी, फुलपाखरू, मधमाशी आणि कडधान्यातील भुंगेरा यांचा जीवनक्रम असाच असतो. त्यांची रूपे कितीही भिन्न असली, तरी प्रत्येकाचे शरीर पेशींचे बनलेले असते आणि प्रत्येक नवी पेशी आधीच्या पेशीपासून होते. जीवशास्त्राच्या पहिल्या इयत्तेचा हा मूळ सिद्धान्त आहे.

साक्ष आणि फेरतपासणी

लेव्हेनहूक यांच्या ९ ऑक्टोबर १६७६ च्या पत्राने लंडनमधील विद्वानांना विशेष चकित केले. पाण्याच्या थेंबात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव आहेत, असे त्यात लिहिले होते. पाण्यात असंख्य जीव असतात ही गोष्ट जैन घरात लहानपणापासून कानी पडते. युरोपला ती नवी होती.

रॉयल सोसायटीने या पत्रावर लगेच विश्वास ठेवला नाही आणि ते फेटाळलेही नाही. रॉबर्ट हुक यांच्यावर पडताळणीची जबाबदारी सोपवण्यात आली. लेव्हेनहूक यांनीही आपल्या गावातील आठ प्रतिष्ठित व्यक्तींना भिंगातून दाखवून त्यांच्या लेखी साक्षी पाठवल्या. १६७७ मध्ये हुक यांना स्वतःच्या सूक्ष्मदर्शकातून ते जीव दिसले आणि १६८० मध्ये या कापडव्यापाऱ्याची सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. हिशेब लिहिणाऱ्याने स्वतःच तो तपासला असे म्हणून चालत नाही; लेखापरीक्षक वेगळा लागतो. विज्ञानातही निष्कर्ष दुसऱ्याच्या हातून पुन्हा निघावा लागतो.

मोठ्या कीटकांचा प्रश्न सुटला, तरी सूक्ष्म जीव आपोआप होतात हा वाद पुढे चालूच राहिला. फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास त्याचा निकाल लावला. त्यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या काचपात्रांत द्रव घालून उकळला. वाकड्या नळीतून हवा आत येत होती. पण धूळ आणि तिच्यासोबतचे जंतू वळणात अडकत होते. द्रव दीर्घकाळ नासला नाही. नळी मोडताच काही दिवसांत तो नासला. रेदींचे विरळ कापड आणि पाश्चर यांची वाकडी नळी यांमागील विचार एकच आहे : हवा येऊ द्यावी, जीव येऊ देऊ नये आणि मग पाहावे.

पाणी गाळण्याच्या प्रथेकडेही याच दृष्टीने पाहता येते. कापडाने काय अडते आणि काय अडत नाही, हे मोजता येते. जीवाणू साधारणतः एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे असतात. ते कापडाच्या विणीतून सहज जातात. नारू रोगाचे जंतुक ज्याच्या शरीरात वाढते, तो सायक्लॉप्स हा पाणकीटक मात्र एक-दोन मिलिमीटरचा असल्याने गाळणीत अडकतो. भारतातून नारूचे उच्चाटन झाले, त्यात पिण्याचे पाणी कापडाने गाळण्याच्या प्रसाराचा मोठा वाटा होता. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. गाळण्याने काय साधते हे नेमके कळल्याने प्रथेची प्रतिष्ठा उणावत नाही. उलट तिची उपयुक्तता आकड्यांत मांडता येते.

शास्त्रवचन आणि निरीक्षण

येथे अभ्यासू वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात संमूर्च्छन, गर्भ आणि उपपाद असे जन्माचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि परंपरेने कीटकांचा जन्म संमूर्च्छन मानला आहे. मग अंड्यांचे हे निरीक्षण त्याच्याशी कसे जुळावे?

प्रथम हे लक्षात घ्यावे की, युरोपातील ‘आपोआप जन्मा’चे मत आणि जैन दर्शनाची मांडणी एक नाहीत. निर्जीव द्रव्यातून नवा जीव तयार होतो, असे ते मत होते. जैन दर्शनात जीव अनादी आहे. जड पुद्गलापासून तो निर्माण होत नाही, तो देह धारण करतो. रेदी आणि पाश्चर यांनी खोडून काढले ते पहिले मत. देह बाह्यतः कसा घडतो, एवढाच प्रश्न भिंगापुढे होता आणि त्याचे उत्तर निःसंदिग्ध मिळाले आहे : सोंड्याचा देह अंड्यातून घडतो. शास्त्रीय वर्गीकरणाशी त्याची संगती कशी लावावी, याची चर्चा विद्वान साधु-साध्वींच्या आणि पंडितांच्या सान्निध्यात व्हावी. इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाला जैन न्यायशास्त्राने ‘सांव्यवहारिक प्रत्यक्ष’ असे नाव देऊन व्यवहारात प्रमाण मानले आहे. दाणा फोडल्यावर जे दिसते ते पाहण्यास श्रद्धावंताने कचरण्याचे कारण नाही.

वखारीत आणि स्वयंपाकघरात

एकदा मूळ कळले, की उपायांची जागाही कळते. धान्यातील ओलावा सुमारे नऊ टक्क्यांच्या खाली असेल, तर सोंड्यांची पैदास होत नाही. म्हणून धान्य वाळवायचे ते भरण्यापूर्वी. कीड दिसल्यावर उन्हात घालण्यात अळ्यांचा नाशच होतो. तापमान पंधरा अंश सेल्सिअसच्या खाली असल्यास अंडी घालणे जवळजवळ थांबते. थोडे धान्य थंड जागी राखण्याचा लाभ यात आहे. जुन्या धान्याचा तळ साफ केल्याशिवाय त्याच डब्यात नवे धान्य ओतू नये, कारण तळाच्या मूठभर दाण्यांत पुढील पिढी असते. जुनी पोती नव्या मालाला वापरू नयेत. थप्पी ओल्या जमिनीला व भिंतीला लागू नये, यासाठी खाली फळ्या असाव्यात. आधी आलेला माल आधी बाहेर काढावा आणि चातुर्मासापुरता तरी घरातील साठा कमी ठेवावा. या सर्व उपायांत एकाही सोंड्याला मारावे लागत नाही. तो निपजण्याची वेळच येऊ दिली जात नाही.

कढीपत्त्याच्या तीन कुंड्या

मुलांना ही तपासपद्धती जीवहानी न करता शिकवता येते. कढीपत्त्याच्या पानांवर पावसाळ्यात अळ्या दिसतात आणि त्याही ‘आपोआप झाल्या’ असे म्हटले जाते. त्यासाठी सारख्या आकाराच्या तीन कुंड्या घ्याव्यात. पानांची खालची-वरची बाजू पाहून आधीपासून अंडी नाहीत याची खात्री करावी. लिंबाच्या फुलपाखराचे अंडे फिकट पिवळे, गोल आणि मोहरीपेक्षाही लहान असते. पहिली कुंडी उघडी ठेवावी. दुसरीवर मलमलीचे कापड चारही बाजूंनी बांधावे. तिसरीवर तेच कापड केवळ छतासारखे धरावे, बाजू मोकळ्या राहू द्याव्यात. तिन्हींना पाणी सारखे घालावे आणि रोज एका ठरलेल्या वेळी वहीत तारीख घालून नोंद करावी.

तिसरी कुंडी कशासाठी, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. दुसऱ्या कुंडीत अळ्या झाल्या नाहीत, तर कोणी म्हणेल की कापडाने ऊन अडले म्हणून झाल्या नाहीत. तिसऱ्या कुंडीतही ऊन अडलेले आहे, पण फुलपाखराला वाट मोकळी आहे. तेथे अळ्या दिसल्या, तर ऊन हे कारण नाही हे सिद्ध होते. एका ऋतूत फुलपाखरू कोणत्याच कुंडीकडे फिरकले नाही, तर तेही तसेच लिहावे आणि पुढील पावसाळ्यात प्रयोग पुन्हा करावा. अपेक्षेविरुद्ध आलेली नोंद खोडणे हा रोजकीर्दीत जसा दोष, तसाच तो येथेही आहे.

अळी दिसल्यावर तिला हात लावू नये. ती प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट-पांढरी असते, पुढे हिरवी होते, मग कोष करते आणि काही दिवसांनी त्यातून फुलपाखरू बाहेर येऊन पंख वाळवत बसते. तेवढ्या दिवसांत कढीपत्त्याची थोडी पाने जातील. फोडणीला ती पाने बाजारातून आणावीत आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात फुलपाखरू उडाल्याची तारीख लिहावी.